संकटापूर्वीचा संग्रह : औषधींचा आणि धैर्याचा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचा आरंभ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अनेकदा वाचलेला आहे. पांचाल देशाची राजधानी कांपिल्य, ग्रीष्माचा शेवटचा महिना, गंगेचा काठ आणि शिष्यांसह वनात संचार करणारे भगवान पुनर्वसु आत्रेय. नक्षत्रे, ग्रह, वायू, दिशा यांत विकृतीची चिन्हे दिसू लागली आहेत. लवकरच भूमी औषधींना यथायोग्य रस, वीर्य, विपाक व प्रभाव देईनाशी होईल, हे आचार्यांच्या ध्यानी येते. अशा वेळी ते अग्निवेशाला एकच गोष्ट सांगतात : भूमी विरस होण्यापूर्वी औषधींचा संग्रह करून ठेवा, उद्ध्वंस सुरू झाल्यावर तो शक्य होणार नाही.

परीक्षेसाठी हा अध्याय वाचताना आपले सर्व लक्ष चार दुष्ट भावांच्या लक्षणांकडे असते. वीस-बावीस वर्षे वैद्यकी केल्यानंतर आम्हांस मात्र या आरंभाचेच महत्त्व अधिक वाटू लागले आहे. भीषण संकट समोर दिसत असता आचार्यांनी शिष्यांच्या हाती काम दिले, आणि त्या कामाची वेळ संकटापूर्वीची आहे हे स्पष्ट केले. औषधींना लागू असणारा हा नियम धैर्यालाही तंतोतंत लागू पडतो, असे आमचे मत आहे. धैर्य हे ऐनवेळी उत्पन्न होत नाही. ते शांततेच्या काळात, नित्याच्या व्यवहारात थोडे थोडे साठवावे लागते. आणि वैद्याने व औषधालयचालकाने ते केवळ स्वतःपुरते साठवून भागत नाही, इतरांना देण्याइतके साठवावे लागते. या विधानाला शास्त्राचा आधार कोणता आणि व्यवहारात त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अनिश्चितता कशामुळे येते?

एरवी आपली चिकित्सा व्यक्तीभोवती फिरते. प्रकृती, सार, सात्म्य, बल, वय यांचा विचार करून आपण निर्णय घेतो, आणि त्या निर्णयामागे अनुभवाचा भरवसा असतो. जनपदोद्ध्वंसात हा भरवसा एकाएकी डळमळतो. प्रकृती भिन्न असूनही असंख्य माणसे एकाच वेळी, सारख्याच लक्षणांनी आजारी पडतात. कारण वायू, जल, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. या चारांतील पुढचा पुढचा भाव टाळण्यास अधिक कठीण, असेही आचार्य सांगतात. दूषित वाऱ्यापासून माणूस आडोसा घेऊ शकेल, दुष्ट जल वर्ज्य करू शकेल, फार तर गावही सोडून जाऊ शकेल. परंतु काळातून बाहेर पडण्यास कोणालाच वाट नाही.

याचा अनुभव आपल्या पिढीने घेतला आहे. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या दिवसांत आजार कोणाला गाठील, किती तीव्र होईल, किती काळ चालेल, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणापाशीही नव्हते. आम्ही कृष्णाकाठी राहणारी माणसे. पुराच्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी तासातासाला कळते, आणि ४५ फुटांची धोक्याची रेषा कोठे आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. साथीच्या काळात अशी पट्टी नसते. मोजता न येणारे संकट माणसाला अधिक खचविते, कारण त्याला आपले बळ कोठे आणि किती लावावे हेच उमगत नाही.

सत्त्वपरीक्षा आणि आपले स्थान

दशविध परीक्षेत आचार्यांनी सत्त्वपरीक्षेचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सत्त्वबलावरून माणसांचे तीन वर्ग सांगितले आहेत. प्रवरसत्त्व पुरुष शरीराने लहानखुरा असला तरी मोठी पीडा अविचलपणे सोसतो. अवरसत्त्व माणूस धिप्पाड असूनही अल्प वेदनेने खचतो. तो स्वतः सावरत नाही आणि दुसऱ्याने सावरू म्हटले तरी सावरत नाही. भीतिदायक गोष्टी नुसत्या कानी पडल्या तरी त्याला विवर्णता, मूर्च्छा, क्वचित उन्मादही होतो.

या दोहोंच्या मधला वर्ग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. मध्यमसत्त्व माणूस दुसऱ्यांना सोसताना पाहून स्वतःला सावरतो, किंवा दुसऱ्यांकडून सावरला जातो. आमच्या अनुभवात समाजातील बहुसंख्य माणसे याच वर्गातील असतात. याचा अर्थ असा की, बहुसंख्यांचे धैर्य हे उसने असते. ते कोणाकडे तरी पाहत असतात. संकटकाळी ते घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहतात, शेजाऱ्याकडे पाहतात. आणि आजाराचा प्रश्न असेल तेव्हा आपल्या वैद्याच्या मुद्रेकडे व औषधालयाच्या गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतात. नाडी पाहताना आपला हात थरथरला, किंवा औषधाची पुडी बांधताना दुकानदाराने घाबऱ्या आवाजात ऐकीव बातमी सांगितली, तर त्या एका क्षणाचा परिणाम औषधाच्या परिणामाहून मोठा ठरू शकतो.

चिकित्सेच्या चतुष्पादातही हेच सूत्र आढळते. चरकाचार्यांनी रुग्णाच्या चार गुणांत स्मृती, आज्ञापालन, अभीरुत्व व ज्ञापकत्व यांचा समावेश केला. वाग्भटांनी रुग्ण सत्त्ववान असावा असे म्हटले. यांतील अभीरुत्व व ज्ञापकत्व यांचा संबंध फार निकटचा आहे. भ्यालेला रुग्ण लक्षणे लपवितो. २०२० मध्ये ताप असताना ‘अंग जरा कसकसते आहे’ एवढेच सांगणारे रुग्ण कोणी पाहिले नाहीत? विलगीकरणाचे भय, शेजाऱ्यांच्या नजरेचे भय, यांमुळे ज्ञापकत्व लोपले, आणि ते लोपले की श्रेष्ठ वैद्यही अंधारात चाचपडतो. रुग्णाला निर्भय करणे हे म्हणूनच निदानाचेही साधन आहे.

भय हा धारणीय वेग

भय वाटणे यात लज्जास्पद काही नाही. शास्त्राने भयाला वेग म्हटले आहे, म्हणजेच ते स्वभावतः उत्पन्न होणारे आहे. मात्र मलमूत्रादी वेग अधारणीय आहेत, तर लोभ, शोक, भय, क्रोध इत्यादी वेग धारणीय सांगितले आहेत. वेग उठेल, त्याचे धारण करावयाचे. हे धारण करणारी शक्ती म्हणजे धृती. धी, धृती व स्मृती यांचा भ्रंश झाला की प्रज्ञापराध घडतो, आणि जनपदोद्ध्वंसाचे मूळही आचार्यांनी शेवटी प्रज्ञापराधातच दाखविले आहे.

धारण न झालेले भय शरीरात उतरते. भयज व शोकज अतिसार चरकांनी स्वतंत्र वर्णिले असून त्यांच्या चिकित्सेत वातहर उपक्रमांच्या जोडीला हर्षण व आश्वासन सांगितले आहे. रोग वाढविणाऱ्या भावांत विषादाला अग्रस्थान दिले आहे, तर अनिर्वेद, म्हणजे मनाने न खचणे, हे आरोग्याच्या लक्षणांत श्रेष्ठ मानले आहे. टाळेबंदीच्या काळात दूरध्वनीवरून आमच्याकडे आलेल्या तक्रारींत निद्रानाश, हृद्द्रव, वारंवार शौचास होणे, छातीत दडपण या तक्रारी लक्षणीय होत्या, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या घरात कोविडचा एकही रुग्ण नव्हता. अशा रुग्णांना दिवसाचे वेळापत्रक लावून देणे, बातम्या दिवसातून एकदाच ऐकण्यास सांगणे, सायंकाळी पादाभ्यंग, हलके व वेळेवर भोजन आणि दर दोन दिवसांनी ठरलेल्या वेळी आमचा फोन, एवढ्यावर बरेच काम झाले. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हीच सत्त्वावजयाची व्याख्या आहे; तिच्यासाठी वेगळे यंत्र वा कल्प लागत नाही, ठरलेली वेळ पाळावी लागते. अर्थात छातीतील दडपणाचे कारण भयच आहे असे गृहीत धरणे धोक्याचे. प्रत्येकास प्राणवायूची पातळी मोजण्यास सांगूनच आम्ही पुढे जात असू.

इतिहासाची साक्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक संनिपाताची, म्हणजे प्लेगची, साथ ओळखली ती गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी. प्लेगचे नाव उच्चारणे व्यापारी शहराला परवडणारे नव्हते आणि प्रारंभी त्या निदानाविषयी शंकाही घेतल्या गेल्या. तरी ते आपल्या निदानावर ठाम राहिले आणि वस्त्यांतून काम करीत राहिले. त्याच शहरात जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. लाखो लोक मुंबई सोडून जात असतानाची ही गोष्ट आहे.

पुण्यात त्याच वर्षी सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी शहराबाहेर, हडपसर परिसरात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला. रुग्णाला आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उलट, रँडच्या अधिपत्याखाली घरोघरी सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा भयाने लोक रुग्ण लपवू लागले. एकाच नगरात, एकाच साथीत, एका बाजूस लोकांना धीर देणारे हात होते आणि दुसऱ्या बाजूस भय वाढविणारी व्यवस्था होती. रुग्ण कोणाकडे आपण होऊन गेला असेल, हे सांगावयास नको.

अलीकडचे उदाहरण सुरतेचे. सप्टेंबर १९९४ मध्ये फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी पसरताच काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेले कामगारही होते. टेट्रासायक्लिनचा साठा दुकानांतून संपला, आणि अनेक खासगी चिकित्सकांनी दवाखाने बंद करून शहर सोडले. प्रत्यक्षात त्या साथीत देशभरातील मृतांची संख्या साठाच्या आत राहिली. चिकित्सकच निघून गेला हे पाहिल्यावर मध्यमसत्त्व माणसाने कोणाकडे पाहून थांबावे? पुढे १९९५ पासून त्याच शहराने स्वच्छतेचे नियमित काम हाती घेऊन आपला लौकिक बदलला. भयाने जे झाले नाही ते नित्याच्या कामाने झाले.

औषधालयाचा गल्ला

धारणीय वेगांच्या यादीत लोभ आणि भय शेजारी शेजारी यावेत, हे औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष लक्षात घ्यावे. साथीच्या बाजारात गल्ल्याच्या अलीकडे भय उभे असते आणि पलीकडे लोभाला निमंत्रण मिळत असते. मार्च २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी व मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याचे सुचविले. पाहता पाहता घरोघरी तो दिवसातून चार-पाच वेळा उकळू लागला, आणि वैशाखाच्या उन्हात अम्लपित्त, मुखपाक, रक्तार्शाचे रुग्ण आपल्याकडे येऊ लागले. ‘एका घराला एकच पाकीट, आणि दोन वेळांपेक्षा अधिक घेऊ नका’ असे सांगणारा विक्रेता त्या दिवशी थोडे उत्पन्न गमावत होता. परंतु तो ग्राहकाला दोन गोष्टी देत होता. एक, योग्य मात्रा. आणि दुसरी, साठा उद्याही मिळेल हा विश्वास. घाईने साठेबाजी करणारा ग्राहक शांत होतो तो अशा विश्वासानेच.

गुळवेलीचे उदाहरणही विचार करावयास लावणारे आहे. २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृतविकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. गुळवेलीशी साम्य असलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत होण्याचा मुद्दा मंत्रालयाने पुढे केला आणि वाद पुष्कळ झाला. अशा प्रसंगी क्रोधाने उत्तर देणे सोपे असते. आमच्या मते वैद्याचे धैर्य येथेही कसोटीला लागते. टीका शांतपणे वाचावी, द्रव्याची ओळख पुन्हा पडताळावी, रुग्णास पूर्वीचा यकृतविकार आहे काय हे विचारावे, मात्रा व कालमर्यादा लिहून द्यावी. चतुष्पादातील द्रव्याचे गुण म्हणजे विपुलता, योग्यता, अनेक कल्पना व संपन्नता. मागणी वाढली म्हणून नुसती विपुलता सांभाळली आणि योग्यता सोडली, तर तो पाद लंगडा होतो.

साहस म्हणजे धैर्य नव्हे

शोषाच्या चार कारणांत आचार्यांनी प्रथम साहस सांगितले आहे. आपल्या बळाबाहेरचे कर्म म्हणजे साहस. दुसरे कारण वेगसंधारण, तिसरे क्षय व चौथे विषमाशन. कोविडच्या काळात संरक्षक पोशाख चढवून तासन्‌तास काम करणाऱ्या चिकित्सकांनी व परिचारिकांनी तहान मारली, मूत्रवेग धारण केले, अवेळी जेवण केले, रात्री जागविल्या. त्यांच्या त्यागाविषयी आदर बाळगूनच असे म्हणावेसे वाटते की, शोषाची ही कारणे एकत्र आल्यास वैद्याचे सत्त्वही टिकत नाही. संकट किती दिवस चालेल हे ठाऊक नसते तेव्हा पहिल्याच आठवड्यात सारे बळ खर्च करणे योग्य नाही. आठवड्यातून एक दिवस पाळी बदलून घेणारे, वेळेवर झोपणारे वैद्य अधिक काळ उपयोगी पडले.

रुग्ण वाचत नाही असे दिसते तेव्हाही धैर्य लागते. वैद्यवृत्तीत मैत्री, आर्तांविषयी कारुण्य आणि साध्य रुग्णांविषयी प्रीती यांच्याबरोबर, मरणाकडे झुकलेल्याविषयी उपेक्षा, म्हणजे तटस्थ वृत्ती, सांगितली आहे. तिचा अर्थ त्याला टाकून देणे असा नव्हे. जे आपल्या हाती नाही त्याचा भार मनावर घेऊन पुढच्या रुग्णासाठी निकामी होऊ नये, इतकाच तिचा अर्थ आम्ही घेतो.

संग्रह कसा करावा?

वैद्यबंधु-भगिनींनो, आता व्यवहाराकडे वळू. शांततेच्या काळात पुढील गोष्टी प्रत्येकाला करता येण्याजोग्या आहेत.

१) सत्य बोलण्याची सवय. जनपदोद्ध्वंसातील उपायांत पंचकर्म व रसायनांबरोबर सत्य, भूतदया, दान, सद्‌वृत्त यांचा समावेश आहे. ‘हे अजून निश्चित ठाऊक नाही, जे ठाऊक आहे ते असे, आणि उद्या सकाळी आपण पुन्हा पाहू’ या तीन वाक्यांनी रुग्णाला जितका आधार मिळतो, तितका खोट्या हमीने मिळत नाही. हमी खोटी ठरली की उसने दिलेले धैर्य व्याजासह परत जाते.

२) मर्यादेची रेषा आधीच आखावी. कोणत्या लक्षणांवर रुग्ण रुग्णालयात पाठवावयाचा, तो कोठे व कसा जाईल, कोणास फोन करावयाचा, हे कागदावर लिहून भिंतीवर लावावे. भयाच्या क्षणी विचार सुचत नाही. लिहिलेले वाचता येते. पाठविण्यास केलेला विलंब हे धैर्य नव्हे.

३) साठ्याची शिस्त. नित्याच्या औषधांचा पुरेसा साठा, प्रत्येक द्रव्याच्या ओळखीची व मुदतीची नोंद, आणि टंचाईत प्रत्येकी किती द्यावयाचे याचा नियम आधीच ठरवावा. आधीच्या किमतीचा फलक दर्शनी ठेवावा.

४) पुराच्या प्रदेशातील औषधालये. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या खुणेच्या किंचित वर सामान ठेवून निश्चिंत झालेल्या अनेकांचा साठा त्या वेळी बुडाला. मागच्या संकटाची खूण ही पुढच्या संकटाची मर्यादा नसते. चूर्णे, गुग्गुळकल्प व रुग्णांच्या नोंदवह्या वरच्या मजल्यावर असाव्यात. आणि भिजलेले औषध वाळवून विकण्याचा मोह निःसंशय टाळावा, ते नष्टच करावे.

५) परस्परांचा आधार. वैद्यही माणूस आहे आणि आपणांपैकी बहुतेक मध्यमसत्त्वच आहोत. म्हणून तालुक्यातील चार-पाच वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी महिन्यातून एकदा तरी भेटावे. एक आजारी पडल्यास त्याचे रुग्ण कोणी पाहावयाचे, हे ठरलेले असावे. संकटात दुसऱ्याकडे पाहून सावरावयाचे, तर तो दुसरा आधीपासून ओळखीचा असावा लागतो.

६) स्वतःची दिनचर्या. जी दिनचर्या आपण रुग्णांस सांगतो ती स्वतः पाळावी. वेळेवर उठणे, अभ्यंग, व्यायाम, मिताहार, निद्रा यांनी धृतीला रोज थोडे बळ मिळते. रोज पहाटे उठण्याचा आळस जिंकणारा मनुष्य पुढे मोठे भय जिंकण्यास अधिक पात्र होतो.

यांतील एकही गोष्ट असाधारण नाही. औषधी गोळा करण्याचे कामही असाधारण नव्हते. अग्निवेशाने ते योग्य काळी केले एवढेच. पुढचा जनपदोद्ध्वंस पाण्याच्या रूपाने येईल, वाऱ्याच्या की काळाच्या, हे आज कोणी सांगू शकत नाही. भूमी अद्याप सरस आहे, आणि संग्रहाला अवधी आहे. आपल्या चिकित्सालयाच्या दारात जो कोणी आपल्या मुद्रेकडे पाहत उभा राहील, त्याला देण्याजोगे काही आपल्यापाशी असावे, यासाठी आजपासूनच आरंभ करावा, अशी सर्व वैद्यबंधूंना व औषधालयचालकांना आमची विनंती आहे.